भूकंपाची वहिवाट

कोयनेचा भूकंप पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला, किल्लारीचा पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. पहिला ११ डिसेंबर १९६७ चा, दुसरा ३० सप्टेंबर १९९३ चा. मधे जवळजवळ सव्वीस वर्षे गेली, तरी महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांच्या मनात या दोन पहाटा शेजारी शेजारी जाऊन बसल्या आहेत. किल्लारीत आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती पाण्यात सोडून दमलेली माणसे दगडमातीच्या जाड भिंतींआड गाढ झोपली होती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत त्या पहाटे सुमारे दहा हजार माणसे गेली. पुढे कितीतरी वर्षे मराठवाड्यातली कुटुंबे अंगणात झोपत राहिली आणि एक समज घट्ट झाला: भूकंप रात्रीच येतो.

समज चुकीचा आहे, पण तो मूर्खपणाचा मुळीच नाही. दोन वेळा जे पाहिले, त्यातून माणसाने नियम शोधला. भूकंपशास्त्रज्ञही दुसरे काही करत नाहीत. फरक इतकाच की ते दोन नोंदींवर थांबत नाहीत, लाखो नोंदी घेतात. तसे केले की दिसते, भूज हादरले ते सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी, तेही प्रजासत्ताक दिनाची प्रभातफेरी निघण्याच्या वेळी. सुमात्राचा २००४ चा महाभूकंप तिथल्या सकाळी आठच्या सुमारास झाला, नेपाळचा २०१५ चा भर दुपारी बाराच्या आत, जपानचा २०११ चा दुपारी पावणेतीनला. मोठ्या भूकंपांना घड्याळ नसते. रात्रीचा भूकंप जास्त माणसे मारतो, कारण माणसे छपराखाली असतात. आणि ज्याने जास्त माणसे मारली, तोच लक्षात राहतो.

यातली एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. अगदी लहान धक्क्यांच्या नोंदवह्या उघडल्या तर तिथे रात्रीचे भूकंप खरोखरच जास्त सापडतात! त्याचे कारण जमिनीत नसून जमिनीवर आहे. दिवसा रेल्वे, ट्रक, कारखाने, माणसांची ये-जा यांची थरथर यंत्रांपर्यंत पोहोचते आणि बारीक धक्के तिच्यात बुडून जातात. रात्री आसमंत शांत झाला की तेच धक्के स्पष्ट दिसतात. जिथे दगडखाणी आहेत तिथे उलटे घडते: सुरुंगांचे स्फोट भूकंप म्हणून नोंदले गेले तर दुपारचे ‘भूकंप’ वाढतात. म्हणून भूकंपाच्या आकड्यांत वहिवाट शोधणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा लागतो तो पृथ्वीबद्दल नाही, मोजणाऱ्या यंत्राबद्दल.

घड्याळानंतर कॅलेंडर. मेक्सिकोत १९ सप्टेंबर १९८५ ला ८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि राजधानीतली हजारो माणसे मेली. त्या आठवणीसाठी दरवर्षी १९ सप्टेंबरला देशभर भूकंपाची रंगीत तालीम होऊ लागली. २०१७ साली तालीम आटोपून दोन तास होतात न होतात तोच ७.१ तीव्रतेचा खरा भूकंप आला आणि साडेतीनशेहून जास्त माणसे दगावली. २०२२ साली पुन्हा १९ सप्टेंबर, पुन्हा तालीम, आणि तासाभरात पुन्हा मोठा भूकंप. मेक्सिकोतल्या माणसाने त्या तारखेला घाबरायचे नाही तर काय करायचे?

इथे शाळेतल्या वर्गाचे उदाहरण उपयोगी पडते. वर्गात २३ मुले असतील तर त्यातल्या कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. ५० मुले असतील तर ती ९७ टक्क्यांवर जाते. मेक्सिकोसारख्या देशात शतकभरात मोठे भूकंप डझनांनी होतात. त्यातले दोन एका तारखेवर येणे जवळजवळ ठरलेलेच. तीन येणे दुर्मीळ खरे, पण जगात भूकंपप्रवण देश अनेक आहेत आणि योगायोग जिथे घडतो तिथलीच बातमी होते. अमेरिकी भूकंपशास्त्रज्ञ सुसान हफ यांनी २०१८ साली याच प्रश्नाला हात घातला. सतराव्या शतकापासूनचे ८ किंवा अधिक तीव्रतेचे दोनशेहून जास्त भूकंप घेऊन त्यांनी तपासले, की वर्षातल्या ठरावीक दिवशी किंवा चंद्राच्या ठरावीक कलेला ते जास्त होतात का. त्यांच्या शोधनिबंधाचा सारांश एका शब्दाचा आहे: नाही.

चंद्राचा विषय इतक्या झटपट संपत नाही, कारण अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येते तसे पृथ्वीच्या कवचालाही किंचित येते. जमीन रोज कित्येक सेंटीमीटर वरखाली होते. आर्थर शुस्टर या भौतिकशास्त्रज्ञाने १८९७ साली हा संबंध तपासण्याची गणिती कसोटी तयार केली, ती अजून वापरात आहे. २०१६ साली जपानी संशोधकांनी दाखवले की भरती-ओहोटीचा ताण जास्त असताना सुरू झालेला धक्का मोठा होण्याची शक्यता थोडी वाढते. पण ही वाढ अगदी नगण्य आहे. अमावास्या पाहून घराबाहेर झोपणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही.

मग भूकंप निव्वळ यदृच्छेने येतात का? ‘यदृच्छा’ म्हटले की माणसाच्या डोळ्यांपुढे सारख्या अंतरावर पसरलेले ठिपके येतात, आणि तिथेच फसगत होते. पावसाचे पहिले टपोरे थेंब शहाबादी फरशीच्या अंगणात पडताना पाहावेत. एका फरशीवर चार थेंब, शेजारच्या दोन कोरड्या, पलीकडे एकीवर तीन. कोणीही नेम धरून टाकलेले नसतात, तरी पुंजके दिसतातच. १९५२ ते १९६४ या बारा वर्षांत ९ किंवा त्याहून मोठे तीन भूकंप झाले: कामचाटका, चिली आणि अलास्का. मग चाळीस वर्षे एकही नाही. मग २००४ साली सुमात्रा आणि २०११ साली जपान. पृथ्वी पुन्हा खवळली का, असा प्रश्न तेव्हा गंभीरपणे विचारला गेला. पीटर शिअरर आणि फिलिप स्टार्क यांनी २०१२ साली आकडेमोड करून दाखवले की मागाहून येणारे धक्के वगळले तर उरलेल्या मोठ्या भूकंपांची मांडणी फरशीवरच्या थेंबांपेक्षा वेगळी ओळखता येत नाही. त्याआधी १९७४ साली गार्डनर आणि नोपॉफ यांनी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या नोंदींबद्दल हाच प्रश्न शोधनिबंधाच्या शीर्षकातच विचारला होता: मागाहूनचे धक्के वगळल्यास उरलेले भूकंप यादृच्छिक आहेत का? त्यांचाही सारांश एका शब्दाचा होता: होय.

त्या प्रश्नातली अट महत्त्वाची आहे. ‘मागाहूनचे धक्के वगळल्यास’. ते वगळले नाहीत तर भूकंपाइतकी शिस्तीची घटना निसर्गात क्वचितच सापडेल.

ही शिस्त प्रथम दिसली ती फुसाकिची ओमोरी या तरुण जपानी शास्त्रज्ञाला. २८ ऑक्टोबर १८९१ रोजी मध्य जपानच्या नोबी मैदानात ८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सात हजारांहून अधिक माणसे मेली. जवळच्या गिफू शहरातल्या वेधशाळेत त्यानंतरचा प्रत्येक धक्का नोंदला जात होता. ओमोरींनी त्या नोंदी मांडल्या आणि १८९४ साली नियम प्रसिद्ध केला. तो असा, की मागाहूनच्या धक्क्यांची संख्या दिवसांच्या प्रमाणात भागली जाते. पहिल्या दिवशी शंभर धक्के आले असतील तर दहाव्या दिवशी साधारण दहा, शंभराव्या दिवशी एक. पहिल्या काही दिवसांत घसरण झपाट्याची, मग शेपूट लांबच लांब. ही शेपूट किती लांब जाते ते तोकुजी उत्सू यांनी पुढे दाखवले: गिफूचे धक्के दशकानुदशके त्याच वक्ररेषेने कमी होत राहिले होते. ज्या पिढीने तो भूकंप पाहिला ती संपली, तरी जमिनीचा हिशेब मिटला नव्हता.

ओमोरींची पुढची कहाणी या शास्त्राचे बळ आणि मर्यादा दोन्ही दाखवते. टोकियो विद्यापीठात त्यांच्या हाताखाली आकित्सुने इमामुरा नावाचे शास्त्रज्ञ होते. जुने भूकंप किती अंतराने झाले हे पाहून इमामुरांनी १९०५ साली एका मासिकात लिहिले की येत्या पन्नास वर्षांत टोकियोजवळ मोठा भूकंप होईल आणि आगी लागल्या तर लाखभर माणसे मरतील. शहरात घबराट पसरली. ओमोरींनी जाहीरपणे हे भाकीत निराधार ठरवले आणि इमामुरांची पुढची वर्षे टवाळीत गेली. १ सप्टेंबर १९२३ ला दुपारी बाराला दोन मिनिटे कमी असताना टोकियो-योकोहामा हादरले. घरोघर चुली पेटलेल्या होत्या. सुमारे एक लाख पाच हजार माणसे गेली, त्यातली बहुसंख्य आगीत. ओमोरी त्या दिवशी ऑस्ट्रेलियात होते. सिडनीच्या वेधशाळेत भूकंपमापक पाहत उभे असताना त्यांच्या डोळ्यांदेखत सुई थरथरू लागली. ते आजारी अवस्थेत मायदेशी परतले आणि त्याच नोव्हेंबरात वारले. इमामुरा बरोबर ठरले हे खरे, पण त्यांनीही दिवस सांगितला नव्हता. त्यांनी पन्नास वर्षांची मुदत दिली होती. एवढेच आकडे सांगू शकतात, आणि एवढ्यावरही रुंद रस्ते आणि न जळणारी घरे बांधता आली असती.

दुसरी शिस्त आकाराची. बेनो गुटेनबर्ग आणि चार्ल्स रिश्टर यांनी १९४४ साली कॅलिफोर्नियाच्या नोंदींवरून ती मांडली. तीव्रता एका अंकाने वाढली की भूकंपांची संख्या साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. जगभरात वर्षाला ८ च्या वरचा सरासरी एक भूकंप होतो, ७ ते ८ मधले पंधराएक, ६ ते ७ मधले सव्वाशेच्या वर, ५ ते ६ मधले तेराशे, ४ ते ५ मधले तेरा हजार. हीच उतरण जपानमध्ये, हीच इटलीत, हीच कोयनेला. कोयनेच्या पहिल्या पन्नासेक वर्षांच्या मोजदादीत ६ च्या वरचा भूकंप एक, ५ किंवा अधिक तीव्रतेचे बावीस, ४ किंवा अधिकचे सुमारे दोनशे आणि त्याखालचे हजारोंनी. पाटण तालुक्यातल्या एवढ्याशा जमिनीने साऱ्या जगाचा नियम पाळावा, हे पाहून थक्क व्हायला होते.

या नियमाने एक गोड समज मोडतो. लहान लहान धक्के झाले की ‘बरे झाले, जमिनीतली ताकद थोडी थोडी निघून गेली’ असे भूकंपाच्या गावांत हमखास ऐकू येते. हिशेब करून पाहावा. तीव्रता एका अंकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे ६ च्या एका भूकंपाची ऊर्जा लहान धक्क्यांनी काढायची तर ५ चे ३२, किंवा ४ चे हजार, किंवा ३ चे बत्तीस हजार धक्के लागतील. निसर्ग मात्र ६ च्या एका भूकंपामागे ५ चे दहा, ४ चे शंभर आणि ३ चे हजारच देतो. सगळे जमेला धरले तरी लहान धक्के मोठ्याची जागा घेऊ शकत नाहीत.

तिसरा नियम स्वीडनच्या मार्कुस बोथ यांच्या नावाने ओळखला जातो. मुख्य भूकंपानंतरचा सर्वात मोठा धक्का सरासरीने त्याच्यापेक्षा १.२ ने लहान असतो. सरासरीने, हे विसरायचे नाही. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये ७.८ चा भूकंप झाला, आणि १२ मे रोजी ७.३ चा.

या ‘सरासरीने’ची किंमत कुमामोतोने मोजली. जपानच्या दक्षिणेकडच्या या भागात १४ एप्रिल २०१६ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला. पुढे येतील ते मागाहूनचे, म्हणजे लहान धक्के, असे सगळ्यांनी धरले. रात्र बाहेर काढून अनेक जण तडा गेलेल्या घरांत परतले. सुमारे अठ्ठावीस तासांनी, १६ तारखेच्या पहाटे दीडच्या सुमारास, ७.३ चा भूकंप आला. ज्याला मुख्य समजले होते, तो पूर्वधक्का निघाला. घरे कोसळून किंवा दरडींखाली गेलेल्या पन्नास माणसांपैकी बहुतेक या दुसऱ्या धक्क्याची बळी होती. जगाचा अनुभव सांगतो की शंभरातल्या साधारण पाच वेळा भूकंपामागून काही दिवसांत त्याहून मोठा भूकंप येतो. शंभरात पाच म्हणजे पंचाण्णव वेळा निर्धास्त राहता येते. पण भूकंप होऊन गेलेल्या गावात ही पाचाची शक्यता रोजच्या दिवसापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते, आणि भिंती आधीच खिळखिळ्या झालेल्या असतात. कुमामोतोनंतर जपानी सरकारच्या तज्ज्ञ समितीने जाहीर सूचनांतून ‘मागाहूनचे धक्के’ हा शब्दच काढून टाकला. त्या शब्दातच ‘आता याहून मोठे काही येणार नाही’ असा दिलासा दडलेला होता. शब्द बदलण्याचा हा निर्णय कोणत्याही नव्या यंत्राइतका मोलाचा वाटतो.

आज वापरले जाणारे गणित मुख्य धक्का, पूर्वधक्का, मागाहूनचा धक्का असा जातिभेदच मानत नाही. योशिहिको ओगाता यांनी १९८८ साली मांडलेल्या प्रतिमानात प्रत्येक धक्का, लहान असो वा मोठा, आपल्यामागे आणखी धक्के जन्माला घालू शकतो. मोठ्याची संतती जास्त, लहानाची थोडी. प्रतिमानाचे नावच साथीच्या रोगावरून घेतलेले आहे. कोविडच्या काळात एक रुग्ण किती जणांना लागण करतो हा आकडा घरोघर चर्चेत होता, इथेही तेच. बहुतेक साखळ्या आपोआप विझतात. एखादी विझत नाही.

साखळी कोणती विझणार हे आधी कळत नाही, आणि सामान्य माणसाची खरी होरपळ इथेच होते. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची अशी मालिका सुरू झाली की धुंदलवाडी परिसरातल्या आदिवासी कुटुंबांनी थंडीच्या रात्री तंबूंत काढल्या. हजारो धक्के आले, पण मालिकेतून मोठा भूकंप निपजला नाही. किल्लारीतही १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये जमीन वारंवार हादरली होती, सर्वात मोठा धक्का सुमारे ४ चा होता. मग धक्के ओसरले, लोकांनी सुस्कारा सोडला आणि पुढच्या वर्षी ६.२ चा भूकंप आला. इटलीतल्या लाक्विला शहरात २००९ साली महिनोन् महिने धक्के येत होते. तज्ज्ञांची बैठक झाली, लोकांना धीर देण्यात आला, आणि आठवडाभरात, ६ एप्रिलच्या पहाटे, तीनशेहून अधिक माणसे मेली. तिथल्या सहा शास्त्रज्ञांना आणि एका अधिकाऱ्याला न्यायालयाने २०१२ साली तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. दोन वर्षांनी शास्त्रज्ञ निर्दोष सुटले. पालघर, किल्लारी, लाक्विला: आधीच्या नोंदी शेजारी ठेवल्या तर कोणती गंभीर होणार हे ओळखू येत नाही. म्हणून ‘घाबरू नका’ आणि ‘पळा’ या दोन्हींऐवजी ‘मातीची भिंत असेल तर तिच्याशेजारी झोपू नका’ हे सांगणे जास्त खरे ठरते.

काळाच्या तुलनेत जागेची वहिवाट खूपच ठळक असते. जगातल्या सर्वात मोठ्या भूकंपांपैकी सुमारे ८० टक्के प्रशांत महासागराच्या कडेने होतात, उरलेल्यांतले बहुतेक सुमात्रापासून हिमालयामार्गे भूमध्य समुद्रापर्यंतच्या पट्ट्यात. पण नकाशा आणखी जवळून पाहिला की त्यात चाल दिसते. तुर्कस्तानच्या उत्तरेला पूर्व-पश्चिम धावणारी एक लांबलचक भेग आहे. २७ डिसेंबर १९३९ ला तिच्या पूर्वेकडच्या एर्झिंजानला मोठा भूकंप झाला. मग १९४२, १९४३, १९४४, १९५७, १९६७. एकेक भूकंप आधीच्याच्या पश्चिमेला, जणू शिवण एका टोकाकडून उसवत निघाली होती. कारण साधे आहे. भेगेचा एक तुकडा सरकला की त्याच्यावरचा ताण संपतो, पण टोकाशी असलेल्या पुढच्या तुकड्यावर तो वाढतो. १९९७ साली रॉस स्टाइन, आयकुत बार्का आणि जेम्स डिटरिच यांनी हा हिशेब मांडून ज्या जागांकडे बोट दाखवले, त्यात इझमित होते. १७ ऑगस्ट १९९९ ला इझमितजवळ भूकंप झाला; सतरा हजारांहून अधिक माणसे गेली. आता पुढचा न उसवलेला तुकडा मार्मारा समुद्राखाली, इस्तंबूलच्या दाराशी आहे.

जागा कळते, आकारही अंदाजता येतो. वेळ हुलकावणी देते. कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्ड या चिमुकल्या वस्तीपाशी १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ साली साधारण ६ तीव्रतेचे भूकंप झाले. सरासरी अंतर २२ वर्षे. १९८५ साली शास्त्रज्ञांनी जाहीर केले की पुढचा १९८८ च्या सुमारास, उशिरात उशिरा १९९३ पर्यंत होईल. जगातली उत्तमोत्तम यंत्रे तिथे लावली गेली. १९८८ गेले, १९९३ गेले. भूकंप आला तो २८ सप्टेंबर २००४ ला. जागा बरोबर, तीव्रता बरोबर ६, फक्त मुदत उलटून अकरा वर्षे झालेली.

पार्कफील्डला निदान शंभरएक वर्षांत सहा नोंदी होत्या. किल्लारीला मोठ्या भूकंपाची एकही नव्हती. द्वीपकल्पाच्या पोटात ताण इतका हळू साठतो की एकाच भेगेवर दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षे जाऊ शकतात, आणि यंत्रांची नोंद जेमतेम शतकभराची. म्हणून १९९३ पर्यंतच्या नकाशात किल्लारी सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होते. पुढे २००२ च्या नकाशातून तो पहिला विभागच रद्द करण्यात आला. त्या नकाशात लातूर तिसऱ्या विभागात गेले. कागदावरच्या या बदलाचा अर्थ प्रत्येक घराच्या खांबात आणि सळईत उतरतो. इमारतींच्या संहितांमध्ये जगभर एक आकडा रूढ आहे: पन्नास वर्षांत येण्याची शक्यता दहा टक्के असेल असा हादरा गृहीत धरायचा. सरासरीने तो ४७५ वर्षांतून एकदा येतो. गवंड्याला तो आकडा माहीत नसेल, पण भिंतीच्या कोपऱ्यात आडवी सळई घालायची की नाही हे शेवटी त्या आकड्यावर ठरते.

आणि कोयना. बाकी सगळीकडे माणूस पृथ्वीच्या वेळापत्रकाची वाट पाहतो. इथे वेळापत्रकावर माणसाच्याच हाताची खूण आहे. १९६२ पासून कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय भरू लागला तसे जमिनीतून गुरगुर आणि धक्के सुरू झाले. १३ सप्टेंबर १९६७ ला ५ च्या वरचा भूकंप झाला आणि तीन महिन्यांनी ६.३ चा, ज्यात पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. धरणामुळे घडून आलेला याहून मोठा भूकंप जगात नोंदलेला नाही. धरणाने ही भेग निर्माण केली नाही, ती आधीच ताणलेली होती. जलाशयाच्या पाण्याचा भार आणि खडकांच्या फटींत झिरपत गेलेला दाब यांनी तिला शेवटचा धक्का दिला.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले हर्ष गुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनी १९७२ साली जगभरातल्या अशा धरणक्षेत्रांच्या नोंदी ताडून पाहिल्या. धरणाने जागे केलेल्या भूकंपांची आकड्यांतली ठेवण त्यांना वेगळी दिसली: मोठ्यांच्या मानाने लहान धक्क्यांचे प्रमाण जास्त, मुख्य आणि नंतरच्या सर्वात मोठ्या धक्क्यात अंतर कमी, आणि ओमोरींची शेपूट आणखी संथ. म्हणजे बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखावा तसे नुसत्या संख्यांवरून भूकंपाचे कारण ओळखण्याकडे पाऊल पडले. धरण किती वेगाने भरले, पाणी किती उंचीवर गेले, तिथे किती दिवस टिकले आणि आधीची सर्वोच्च पातळी ओलांडली का, यांवर त्या वर्षीचा धोका अवलंबून असतो हेही पुढे स्पष्ट झाले. १९८५ पासून दक्षिणेला वारणेचे धरण भरू लागले, आणि काही वर्षांत धक्क्यांचे केंद्रही दक्षिणेकडे, वारणेच्या बाजूला पसरले. तरीही सगळा खेळ जेमतेम वीस बाय तीस किलोमीटरच्या चौकटीत चालतो. इतक्या छोट्या, इतक्या हक्काच्या जागेत अर्धशतकाहून जास्त काळ भूकंप देणारी दुसरी जागा शास्त्रज्ञांना सापडलेली नाही.

म्हणूनच भूविज्ञान मंत्रालयाने कराडला प्रयोगशाळा उभारली आणि गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विंधनविहीर घेतली. ती २०१७ साली पूर्ण झाली. वरचा सव्वा किलोमीटर काळ्या पाषाणाचे थर, त्याखाली कोट्यवधी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइटसारखा खडक, जिथे हे भूकंप जन्मतात. पृष्ठभागावर कळायच्या आत विझणारे धक्के त्या खोलीवर ऐकू येऊ शकतात. ऑगस्टअखेर शिवाजीसागर भरतो, सप्टेंबरात धक्क्यांची संख्या वाढते, पाणी उतरू लागल्यावर डिसेंबरच्या सुमारास ती पुन्हा एकदा वर जाते. पाटण तालुक्यातल्या घरांत मांडणीवरची भांडी किणकिणतात ती बहुधा याच महिन्यांत.